नराची ओळ सांभाळणारे परागमामा

लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरी उभे असतात. फोटोवाला "इकडं बघा, जरा हसा" म्हणत असतो. आहेर देणाऱ्यांची रांग पार जेवणाच्या मांडवापर्यंत गेलेली असते, आणि त्या रांगेत पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि टोपी घातलेले एक सडसडीत गृहस्थ हातात कापडी पिशवी घेऊन शांतपणे पुढे सरकत असतात. त्यांची पाळी येते. ते नवरीच्या डोक्यावर हात ठेवतात, "सुखी राह्य माय" म्हणतात. मग नवरदेवाकडे वळतात आणि अंगठ्यानं त्याच्या उजव्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढतात.

"जीभ दाखव बे."

नवरदेव गोंधळून जीभ बाहेर काढतो. फोटोवाला सवयीनं बटण दाबतो. देऊळगाव राजात गेल्या तीन-चार वर्षांत झालेल्या लग्नांचे अल्बम कुणीही उघडून बघावेत. मुंडावळ्या बांधलेला, फेटा घातलेला आणि जीभ बाहेर काढलेला नवरदेव बऱ्याच अल्बमांत सापडेल.

"तंबाखूचा खर्रा खाते वाटते तू. बंद कर. तीन महिने बंद, मंग पोट्ट्यापाट्ट्याचा विचार." एवढं बोलून ते पिशवीतून कागदात बांधलेली एक पुडी काढतात आणि नवरदेवाच्या हातात कोंबतात. पुडीत जवस, तीळ, भाजलेले शेंगदाणे आणि शेवग्याच्या पाल्याची पूड. नवरीला काही नाही.

एका लग्नात नवरीच्या मावशीनं न राहवून विचारलं, "आमच्या पोरीला काही नाही का हो?"

"मादीले सगळं गाव खाऊ घालते बाई," ते म्हणाले, "नराच्या ओळीले पाणी कोण देते?"

मावशीचा चेहरा असा झाला की तिच्या यजमानांना पुढं यावं लागलं. "ते शेतातलं बोलतात हो," कुणीतरी घाईघाईनं समजावलं. "बियाण्याच्या प्लॉटवरचे आहेत ते."

हे आमचे परागमामा. त्यांचं खरं नाव सखाराम. पण सखाराम म्हटलं तर त्यांच्या गल्लीतही पत्ता सापडायचा नाही. पराग हे नाव ऐकून नवख्या माणसाला वाटतं, असेल कुणीतरी जीन्स घातलेला तरुण. पुढ्यात येतात सत्तरीला टेकलेले, दाढीचे खुंट पांढरे झालेले, नाकावर चष्मा घसरलेले मामा. हे नाव त्यांना त्यांच्या धंद्यानं दिलं.

आमच्या या भागात रस्त्यानं जाताना शेतात जाळीचे मोठमोठे मांडव दिसतात, शेडनेट म्हणतात त्यांना. आत काकडी, मिरची, टोमॅटो असतात, पण खाण्यासाठी नाही, बियाण्यासाठी. कडेला नर झाडांची एखादी ओळ असते आणि बाकी सगळ्या ओळी मादी झाडांच्या. सकाळी नर फुलांतले पराग काढायचे आणि एकेका मादी फुलाला हातानं लावायचे. मामांचं उभं आयुष्य या कामात गेलं. पूर्वी जाळ्या नव्हत्या तेव्हा उघड्या रानात, आणि नंतर जाळीत.

"फळ मादीले लागते, म्हणून लोकं तिचेच लाड करते," मामा सांगायचे. "खत तिले, पाणी तिले, आळं तिचं. नर बिचारा कोपऱ्यात उभा. म्याही तेच केलं एका वर्षी. पाणी कमी होतं, म्हटलं नराचं काय, फुलं आली म्हणजे झालं. फुलं आली ना! पण पराग पाहाल तर राखीवानी. फळ धरलं, दिसायले झकास. फोडलं तं आत बी कमी, अन् जे होतं ते पोचट. तपासणीत बियाण्याचा पूर्ण लॉट नापास."

त्या नापास लॉटची गोष्ट मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली ते मोजलेलं नाही. एखादा माणूस आपल्या मोडलेल्या हाताची गोष्ट सांगतो तशी ते ती सांगत.

मी मूळचा जळगाव जामोदचा, म्हणजे जिल्ह्याच्या अगदी वरच्या टोकाचा. पंचायत समितीत कारकून. बदली झाली ती थेट खालच्या टोकाला, देऊळगाव राजात. लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं. बायको मेघा नर्स, तिलाही जवळच्या उपकेंद्रात जागा मिळाली आणि आम्ही मामांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. सामान चढवत असतानाच मामांनी मेघाला विचारलं, "मॅडम कुठच्या?"

"माहेर मोताळ्याचं."

"अरे बाप्पा!" मामांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "मी धामणगाव बढ्याचा! एकाच तालुक्याचे आपण! म्हणजे तू माही भाचीच झाली. अन् हे आमचे जावाई." त्या क्षणापासून मी त्या घरात जावाईबापू झालो. देऊळगाव राजात लोक 'मला-तुला' म्हणतात. मामांच्या घरात मात्र 'मले-तुले'चं राज्य होतं. मलाही बरं वाटलं.

मग मामांनी मला बाजूला घेतलं. "पोट्टंपाट्टं?"

"अजून नाही मामा. विचार आहे."

'विचार आहे' हे दोन शब्द मी सहज बोललो. त्यांनी माझ्या पुढच्या तीन महिन्यांची वाट लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं. मामा ताटली घेऊन उभे. मोड आलेली मटकी, जवसाची चटणी, दोन खजूर आणि वर एक आवळा. "मेघासाठी?" मी विचारलं.

"तिचं ती पाह्यते. हे तुमच्यासाठी." ते आत आले, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि कानावरच्या पेन्सिलीनं त्या तारखेला गोल केला. "आजपासून मोजा. नराचा माल तयार व्हायले अडीच-तीन महिने लागते. आज जे पोटात जाईन ते तेव्हा कामी येईन. पापणी दाखवा बरं."

ते गेल्यावर मी मेघाकडे तक्रार केली. ती नर्स आहे, शिकलेली आहे, या वेडेपणाला हसेल अशी माझी समजूत. ती वेणी घालता घालता म्हणाली, "तीन महिन्यांचं त्यांचं बरोबर आहे."

"काय?"

"आईबापाकडून जनुकं येतात ती तीच राहतात. पण त्यांच्यावर खुणा असतात. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, कोणतं मंद. घराची वायरिंग तीच, बटणं वेगळी. आपण काय खातो, तंबाखू खातो का, वजन किती, झोप किती, त्यानं त्या खुणा बदलतात. आईच्या पोटात असताना लेकराला कमी मिळालं तर त्याचं शरीर साठवून ठेवायला शिकतं, आणि पुढं मोठेपणी शुगर, बीपी, हृदय यांचा त्रास होण्याची शक्यता वाढते. आईचं बरंच माहीत झालंय. बापाचं उंदरांवर पुष्कळ पाहिलंय, माणसांवर अजून पाहणं चालू आहे. पण बापाचं काहीच नाही, असं आता कुणी म्हणत नाही."

"म्हणजे मी उंदीर?"

"आवळा खा," मेघा म्हणाली.

बायको आपल्या बाजूनं असते अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी नर्सशी लग्न करू नये. पुढं कळलं की तिला मामा मनापासून आवडले होते. उपकेंद्रात ती दिवसभर बायकांना लोहाच्या गोळ्या द्यायची, हिरव्या भाज्या सांगायची, वजन लिहायची. आणि त्यांचे नवरे बाहेर मोटरसायकलवर खर्रा घोटत बसलेले असायचे. "मी आतल्या बाईशी बोलते," ती म्हणायची, "मामा बाहेरच्या गाडीवाल्याशी बोलतात. हे काम सरकारनं कुणाला दिलेलं नाही, त्यांनी स्वतःच घेतलंय."

या कामात मामांचा एक खबऱ्या होता. बसस्टँडजवळच्या गल्लीतले यासिनभाई टेलर. नवरदेवांचे सूट, जोधपुरी, शेरवान्या यासिनभाईंकडे शिवायला येत, आणि साहजिकच गावातल्या प्रत्येक होतकरू नवरदेवाची कंबर त्यांच्या वहीत असे. मामा सायकलवरून जाताना दुकानासमोर पाय टेकवायचे.

"काही खबर?"

"बयालीस का आया है मामा," यासिनभाई तोंडातली टाचणी काढून सांगायचे. "शादी अगले महीने है. बोला, जरा ढीला रखो, और बढ़ेगा."

"बाप्पा!" म्हणून मामा सायकल वळवायचे आणि संध्याकाळपर्यंत त्या घरी हजर. एकदा एका नवरदेवाचे वडील भडकले. "आमच्या पोराची कंबर तुम्हाला सांगितली कुणी?" मामा म्हणाले, "कोणी सांगतलं नाही. मांडवात दिसणारच आहे." त्यानंतर पंधरा दिवस यासिनभाई तोंडातली टाचणी काढायलाच तयार नव्हते. पण त्यांच्या स्वतःच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनीच मामांना चहाला बोलावलं, मुलाला समोर उभं केलं आणि म्हणाले, "मामा, इसकी भी पलक खींचो."

माझे तीन महिने चालू होते. चहात साखर अर्धी, संध्याकाळी चालणं, रात्रीचं जेवण लवकर, थंड पेयांची बाटली बंद. महिन्यानंतर पँट ढिली झाली हे कबूल करतो. दीड महिन्यानंतर मात्र माझा संयम संपला. ऑफिसातून येताना बसस्टँडवर कचोरीची कढई दिसली. आजूबाजूला पाहिलं. मामा कामाला जालन्याला गेले होते हे मला पक्कं ठाऊक होतं. कागदावर गरम कचोरी घेतली, वर तळलेली मिरची घेतली, पहिला तुकडा मोडला आणि समोर जालन्याची बस येऊन थांबली. आधी पिशवी उतरली, मग टोपी.

मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "जावाईबापू, हे कोणाच्या पोटात चाल्लं?"

"माझ्या," मी म्हणालो.

"तुमच्या नाही. लेकराच्या."

मामांचा आवाज शेतातला. सगळा बसस्टँड वळून पाहायला लागला. बसचा कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "काय झालं काका?"

"हे लेकराले कचोरी चारून राह्यले!"

"कुठाय लेकरू?"

"अजून यायचं आहे."

कंडक्टरनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि घंटी दिली.

मी मान खाली घालून कचोरी पुढं केली. वाटलं, आता ती कचऱ्यात जाणार. मामांनी ती घेतली, बोटानं दाबून पाहिली, "गरम आहे," म्हणाले आणि तिथंच उभ्या उभ्या खाऊन टाकली. मिरचीसकट.

"मामा!"

"माह्या झाडाचा हंगाम संपला," ते बोटं पुसत म्हणाले. "मले चालते."

पुढं यथावकाश आम्हाला मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत. सगळ्या गावाला पेढे वाटायचं मी ठरवलं होतं. पण मी दवाखान्यातून घरी येईपर्यंत मामांनी गल्लीत दारोदार जवसाची चटणी वाटून टाकली होती. लोक चटणी चाखत मला शुभेच्छा देत होते आणि मामांचं अभिनंदन करत होते. मेघानं नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलीचं श्रेय त्यांनी असं परस्पर माझ्या तीन महिन्यांच्या नावावर जमा केलं, आणि माझं श्रेय स्वतःच्या.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मामा बाळाला हात लावत नव्हते. दारात यायचे, वजन विचारायचे, "मापात आहे" म्हणायचे आणि निघून जायचे. बारशाच्या दिवशी तर घर माणसांनी भरलेलं असताना ते कुठं दिसेनात. मेघानं मला शोधायला पाठवलं. मामा गच्चीवर जवस वाळत घालत बसले होते. एकटेच. वाळलेलेच जवस होते ते. नुसतेच इकडचे तिकडं पसरत होते. मला पाहून म्हणाले, "जा तुमी. पाहुणे आहे घरात." मी परत आलो.

बारसं आटोपल्यावर मामींनी आम्हाला काय ते सांगितलं. मामींची ओळख करून द्यायची राहिलीच. बाई अंगानं भरलेली, तोंडानं तिखट, आणि मामांच्या सगळ्या खटाटोपाकडं टीव्हीवरची मालिका बघावी तसं बघणारी. नवऱ्याच्या वेडाला त्यांनी कधी अडवलं नाही आणि कधी गांभीर्यानं घेतलं नाही. त्या दिवशी मात्र त्या पाळण्याची दोरी हातात धरून बसल्या.

"आमच्या नितीनचंही बारसं याच घरात झालं," त्या म्हणाल्या. "हे आधी असे नव्हते, माय. पापण्या नव्हते ओढत कोणाच्या."

नितीन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात एका कंपनीत नोकरीला. लग्न झालेलं. मामांनी त्याचं नाव आमच्यासमोर कधी काढलं नव्हतं. आम्हाला वाटायचं कामाच्या व्यापामुळं येणं होत नसेल. मामींनी सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी, ऐन तिशीत, नितीनला शुगर निघाली. काडीसारखा बारीक मुलगा, व्यसन नाही, आणि शुगर. मामा हादरले. कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात त्यांनी ऐकलं होतं की झाडाला काय मिळालं ते त्याच्या बियाला आठवतं, आणि माणसाचंही तसंच असतं. ते घरी आले आणि विचार करत बसले. नितीन व्हायच्या आधीचं वर्ष त्यांनी आठवलं. ते तेव्हा प्लॉटवरच राहायचे. नर झाडांना वेळेवर खत, वेळेवर पाणी, कारण लॉट एकदा नापास झालेला होता. स्वतः मात्र चहा, टोस्ट आणि तंबाखूवर. घरी मामी सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर जेवायच्या, पोटुशी असतानाही.

"यायनं काय करावं?" मामी म्हणाल्या. "पोराले फोन लावला अन् सगळं सांगतलं. म्हणे, तुही शुगर माह्यामुळं आहे. म्या झाडाले खाऊ घातलं, स्वतः खाल्लं नाही, तुह्या मायलेही नाही. बी तेव्हाच पोचट झालं."

"मग?" मेघानं विचारलं.

"मंग काय? तो भडकला. म्हणे, बाबा, मी काय नापास झालेला लॉट आहे का? माझी शुगर पण तुमचीच का? काहीतरी माझं राहू द्या! फोन बंद. तेव्हापासून माह्या फोनवर बोलते. हे बाजूले बसून ऐकते. तो विचारते, बाबा बरे आहेत का. मी म्हणतो, हाव, बरे आहे. हे मान हलवते. झालं बोलणं." मामींनी दोरी ओढली. "अन् खरं सांगू? शुगर माह्या माहेरची आहे. माहा बाप, माहा भाऊ, दोघायलेही होती. मी यायले म्हटलं, माह्या माहेरची वस्तू तुमच्या नावावर कायले लिहून घेता? पण ऐकते कोण!"

मेघा हसली, पण लगेच उठली आणि गच्चीवर गेली. मी तिच्या मागं गेलो. ती मामांसमोर खाली बसली आणि तिनं सरळ विचारलं, "मामा, नितीनदादांशी काऊन नाही बोलत तुमी?"

एरवी ती पुस्तकी मराठी बोलायची. माहेरची बोली तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदाच निघाली असावी. मामांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला. "काय बोलू पोरी? जे म्या साऱ्या गावाले सांगतो, ते खरं आहे का खोटं?"

"खरं आहे."

"मंग संपलं."

"संपलं नाही. ऐका तरी. खुणा बसतात हे खरं. पण कोणत्या जेवणानं कोणती खूण बसली, हे जगातली कोणतीच तपासणी सांगत नाही. तुमच्या चहा-टोस्टनं थोडं झालं असेल. मामींच्या माहेराहून थोडं आलं असेल. पुण्यात बसून बसून थोडं झालं असेल. आणि कधी कधी कुणाचाच काही हात नसतो. यातल्या पुष्कळ खुणा पक्क्या नसतात, मामा. माणूस नीट खायला-प्यायला, चालायला-फिरायला लागला की बदलतात. तुम्ही सांगता ते पुढं येणाऱ्यांसाठी आहे. ते मागं वळून स्वतःच्या अंगावर घेतलं की त्याची शिक्षा होते. आणि तुम्ही ती शिक्षा दोघांना दिली, स्वतःला आणि नितीनदादांना."

मामांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. खालून पाळण्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, "मले वाटलं, मी कबूल केलं तं त्याले बरं वाटीन."

"त्यांना वाटलं, तुम्ही त्यांना पोचट म्हणालात."

"नाही बे," मामा म्हणाले. मेघाला पोरासारखं बे म्हणालो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "पोचट मी मले म्हटलं होतं."

त्यानंतर महिनाभर काही झालं नाही. मामा लग्नांना जात होते, यासिनभाई टाचणी काढून कंबरा सांगत होते. आमच्या मुलीला मात्र ते आता मांडीवर घेऊ लागले. मग एका रविवारी मामींचा फोन वाजला. आम्ही सगळे खालीच अंगणात होतो. मामींनी नेहमीप्रमाणं स्पीकर लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर नितीन जरा अडखळला.

"आई, श्रद्धा आणि मी आता विचार करतोय. मुलाचा. माझी शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी आधी चार-पाच महिने तयारी करायला सांगितलंय." श्रद्धा म्हणजे त्याची बायको. "आणि इथल्या एका मित्राचं लग्न देऊळगावला झालं होतं. तो सांगत होता बाबांचं. ते लोकांना काय काय सांगतात म्हणे... ते मला कुणी सांगेल का?"

मामींनी मामांकडं पाहिलं. मामा उठले आणि नळापाशी जाऊन, नळ बंदच असताना, हात धुवायला लागले.

"ये ना दिवाळीत," मामी म्हणाल्या. "आल्यावर पाह्य."

ते दोघे आले. मामांनी यासिनभाईंकडून नवा सदरा शिवून घेतला होता आणि दोन दिवस कुणाशीही बोलले नव्हते. मला वाटतं मनात पाठ करत होते. नितीन रिक्षातून उतरला. थेट मामांचाच चेहरा, फक्त चष्म्याची फ्रेम नवी. पाया पडला.

"बस वेळेवर होती का?" मामांनी विचारलं.

"हो."

"गर्दी?"

"होती थोडी."

संपलं. ज्या माणसानं परक्या नवरदेवांच्या जिभा तपासल्या त्याला पोटच्या मुलासमोर तिसरा प्रश्न सुचला नाही. जेवताना नितीननं गोळी घेतली, मामांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. श्रद्धा आणि मामीच काय ते बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आमच्याकडं वर आल्या होत्या, बाळाला अंघोळ घालायला. श्रद्धाही टॉवेल घेऊन बसली होती. तेवढ्यात खालून भांडी आपटल्याचा आवाज आला. मी जिन्यावरून डोकावलो. स्वयंपाकघरात नितीन परातीत ज्वारीचं पीठ मळत उभा होता आणि दारात मामा.

"काऊन पीठ खेळून राह्यला?"

"खेळत नाही बाबा. भाकरी शिकतोय. श्रद्धाची सकाळची शिफ्ट असते, डॉक्टर म्हणतात ज्वारी खा. मी रोज करतो तिकडं आणि रोज तुटते."

मामा आत आले. "पाणी गरम घेतलं का?"

"गरम लागतं?"

"लागते वाटते," मामा म्हणाले. मग मान वर करून ओरडले, "अहो, भाकरीले पाणी गरम लागते का?"

मामी बाळाच्या अंगावर पाणी ओतत म्हणाल्या, "तुमचं तुमी पाहा!" आणि आम्हाला डोळ्यांनी खुणावून गप्प बसवलं.

मग खाली बापलेकाचं सुरू झालं. पाणी तापलं. ते जास्त झालं, म्हणून पीठ वाढवलं. पीठ जास्त झालं, म्हणून पुन्हा पाणी. मामा बाही सरसावून थापायला बसले, आणि उभं आयुष्य फुलांच्या नाजूक काड्या हाताळलेल्या त्या बोटांखाली पहिली भाकरी मधोमध फाटली. दुसरी तव्यावर टाकताना घडी पडली. नितीन हसायला लागला.

"बाबा, तुम्हाला पण येत नाही?"

"मले कुठून येईन?"

"मग प्लॉटवर राहायचे तेव्हा काय खायचे?"

मामांचे हात थांबले. एव्हाना आम्हीही जिन्यावर येऊन बसलो होतो. "चहा," ते म्हणाले. "अन् टोस्ट. भाकर येत असती तं खाल्ली नसती का?"

"सहा-सहा महिने?"

"कधी कधी बाजूच्या प्लॉटवरची बाई चटणी द्यायची."

नितीननं बोटांचं पीठ परातीत झटकलं. मग म्हणाला, "उपाशीच होते म्हणजे तुम्ही." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यानं परात आपल्याकडं ओढली. "सरका. ही मी थापतो. तुम्ही तवा बघा."

सहा भाकरी झाल्या. पाच तुटल्या, एक कशीबशी अख्खी उतरली, तीही नकाशासारखी. मामींनी खाली जाऊन सगळ्यांना पानं घेतली, आम्हालाही बोलावलं. मामांनी तुकडे गोळा करून स्वतःच्या ताटात घेतले आणि ती एक अख्खी भाकरी नितीनच्या ताटात ठेवली.

"अर्धी पुरे बाबा," नितीन म्हणाला. "सकाळी एवढी चालत नाही मला. मोजून खातो मी."

मी मामांकडं पाहिलं. सगळ्या गावाच्या ताटात डोकावणारा हा माणूस. आता व्याख्यान सुरू होणार असं मला वाटलं. मधे पडायची वेळ आली तर म्हणून मेघानं बाळाला माझ्याकडं दिलं, म्हणजे तिलाही तेच वाटलं असावं.

मामांनी भाकरी मधून मोडली. अर्धी त्याच्या ताटात राहू दिली, अर्धी आपल्या तुकड्यांवर ठेवली.

"भाजी?" त्यांनी विचारलं.

"वाढा," नितीन म्हणाला.